प्रेमाची पंगत : प्रस्तावना

गालील समुद्राचा काठ, पहाटेची वेळ. निखाऱ्यांवर मासे भाजले जातायत, शेजारी भाकरी आहे. रात्रभर जाळी टाकून दमलेले कोळी किनाऱ्याला लागतात आणि न्याहारी करतात. न्याहारी आटोपल्यावर येशू त्यांच्यातल्या आपल्या शिष्याला, पेत्राला, एकच प्रश्न तीनदा विचारतो : तुझं माझ्यावर प्रेम आहे का? योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या, एकविसाव्या अध्यायातला हा प्रसंग. मूळ ग्रीकमध्ये येशू पहिल्या दोन वेळा ‘आगापान’ हे क्रियापद वापरतो, पेत्र मात्र उत्तर देतो ते ‘फिलेइन’ या दुसऱ्याच क्रियापदाने. तिसऱ्या वेळी येशू आपला शब्द सोडून पेत्राच्या शब्दावर येतो. इंग्रजी वाचणाऱ्याला यातलं काही सहसा कळत नाही, कारण तिथे बहुतेक भाषांतरांत सगळीकडे एकच शब्द आहे. बायबल सोसायटीच्या प्रचलित मराठी बायबलात मात्र येशू दोनदा ‘प्रीती’विषयी विचारतो, पेत्र ‘प्रेम’ म्हणून उत्तर देतो आणि तिसऱ्यांदा येशूही ‘प्रेम’च म्हणतो.

हे मला दाखवून दिलं ते मूळच्या नगरच्या एका बाईंनी. हिंजवडीत आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ-दहा जण वाचायला जमतो. बहुतेक आयटी पार्कात नोकरी करणारे, दोघे निवृत्त, एक जण मूळ हिंजवडी गावातलेच. त्या दिवशी बाकीचे मोबाइलवर इंग्रजी बायबल उघडून बसले होते आणि त्या बाई आजीचं मराठी बायबल मोठ्याने वाचत होत्या. पुठ्ठा निघालेला, पानांच्या कडांना हळदीची बोटं. एकविसाव्या अध्यायात त्या थांबल्या, चार ओळी मागे गेल्या, पुन्हा वाचलं आणि विचारलं, ‘तुमच्याकडे इथे एकच शब्द आहे का? आमच्यात दोन आहेत.’ हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं.

खरं तर योहानाने इथे मुद्दाम दोन शब्द योजले की एकच शब्द पुन्हा नको म्हणून बदलले, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. याच प्रसंगात तो ‘कोकरं’ आणि ‘मेंढरं’, ‘चारणं’ आणि ‘पाळणं’ असेही शब्द आलटून पालटून वापरतो, त्यामुळे शब्दबदलाला फार अर्थ देऊ नये असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला त्यांचं म्हणणं बरंचसं पटतं. पण मराठी भाषांतरकाराने तो फरक राखला, आणि राखायला आपल्याकडे शब्द होते, ही गोष्ट उरतेच. एका भाषेतली प्रेमं दुसऱ्या भाषेत नेताना काय घडतं, हा या पुस्तकाचा विषय आहे. त्यासाठी आधी ग्रीक घराची आणि मग ख्रिस्ती घराची ओळख करून घ्यायला हवी.

एक अडथळा सुरुवातीलाच बाजूला करते. ‘ग्रीकांनी सांगितलेले प्रेमाचे सात प्रकार’ अशी एक यादी मोबाइलवर सारखी फिरत असते : एरोस, फिलिया, स्टोर्गे, आगापे, लुडुस, प्रॅग्मा, फिलाउतिया. कोणाही प्राचीन ग्रीकाने ही यादी केलेली नाही. ‘लुडुस’ तर ग्रीक शब्दच नव्हे, तो लॅटिन आहे. जॉन ॲलन ली या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली माणसांच्या प्रेम करण्याच्या तऱ्हा सांगताना असे शब्द जुळवून घेतले, त्यातले काही या यादीत उतरले. त्याआधी १९६० साली सी. एस. लुइस यांच्या पुस्तकाने चार प्रेमांची मांडणी घरोघरी पोहोचवली होती. लुइस यांचं पुस्तक सुंदर आहे, पण ती मांडणी त्यांची आहे, ग्रीकांची नाही. ग्रीकांकडे शब्द होते आणि ते एकमेकांत मिसळलेले होते, जसे आपल्याकडे आहेत.

ग्रीक विचारात एरोस सर्वांत आधी येतो. हेसिअडने इसवी सनापूर्वी ७०० च्या सुमारास देवांची वंशावळ सांगितली, तीत सृष्टीच्या आरंभीच्या मोजक्या तत्त्वांत एरोस आहे. इ. स. पू. पाचव्या शतकातला एम्पेडोक्लीज म्हणतो, पृथ्वी, आप, तेज, वायू यांना एकत्र आणते ती प्रीती आणि फोडतो तो कलह. म्हणजे प्रेम ही माणसाच्या मनातली भावना होण्याआधी ते विश्व चालवणारं बळ होतं. आपल्या नासदीय सूक्तातही आरंभी ‘काम’ उठतो. दोन्हींचा संबंध होता असा दावा करायची गरज नाही; दोन्हीकडच्या माणसांना हाच प्रश्न पडला होता एवढं पुरे.

प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’पाशी मात्र थांबायला हवं. सिम्पोझियम म्हणजे एकत्र बसून पिणं. इ. स. पू. ४१६ मध्ये अथेन्सचा नाटककार अगाथॉन याला शोकांतिकेचं बक्षीस मिळतं आणि त्याच्या घरी मित्र जमतात. आदल्या रात्रीची अजून उतरलेली नसते, म्हणून आज बेतानं प्यायचं आणि प्रत्येकाने एरोसची स्तुती करायची असं ठरतं. बासरी वाजवणाऱ्या बाईला बाहेर पाठवून देतात. त्या खोलीत एकही स्त्री उरत नाही, आणि तरी त्या रात्रीतला सर्वांत खोल विचार एका स्त्रीचा आहे. सॉक्रेटिस सांगतो की मला प्रेमाची विद्या मांतिनेइयाच्या दिओतिमाने शिकवली.

दिओतिमाची कथा अशी. अफ्रोदितेच्या जन्माची मेजवानी चालू आहे. पेनिया, म्हणजे दैन्य, दाराशी भीक मागायला उभी आहे. पोरोस, म्हणजे युक्ती, सोमरसाने धुंद होऊन झेउसच्या बागेत झोपलाय. त्या दोघांचा मुलगा एरोस. त्यामुळे तो देव नाही, माणूसही नाही. अनवाणी, बेघर, दुसऱ्याच्या उंबऱ्यावर झोपणारा, पण सुंदराच्या मागे लागलेला आणि युक्तिबाज. ज्याच्याकडे नाही त्यालाच ओढ लागते, हे यातलं मर्म. ही ओढ एका देखण्या शरीरापासून सुरू होऊन सगळ्या देखण्या शरीरांकडे, मग मनाच्या, रीतीच्या, ज्ञानाच्या सौंदर्याकडे चढत जाते आणि शेवटी केवळ सौंदर्यापाशी पोहोचते. या चढणीवर जुना आक्षेप आहे, विसाव्या शतकात ग्रेगरी व्लास्तोस यांनी तो नेमका मांडला : मग ज्या माणसापासून सुरुवात केली त्याचं काय झालं? तो पायरी म्हणूनच होता का? प्लेटोने हा प्रश्न स्वतःच आत आणून ठेवलाय असं मला वाटतं. दिओतिमाचं बोलणं संपतं न संपतं तोच दारू प्यायलेला अल्किबायडीज दार ठोठावत आत येतो आणि सौंदर्यतत्त्वाची नव्हे, एका माणसाची, सॉक्रेटिसची, स्तुती करतो. त्याचं बोलणं दुखावलेल्या प्रियकराचं आहे आणि ते वाचताना चढणीचा विसर पडतो.

ॲरिस्टॉटल चढत नाही. तो शेजारी बसतो. ‘निकोमाखियन नीतिशास्त्रा’च्या दहा भागांपैकी आठवा आणि नववा हे दोन्ही त्याने फिलियाला, म्हणजे स्नेहाला, दिले आहेत. काही मैत्र्या उपयोगासाठी असतात, काही सहवासाच्या सुखासाठी, आणि थोड्या अशा की ज्यांत मित्राचं भलं मित्रासाठीच हवं असतं. तिसऱ्या प्रकाराला वेळ लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना कळत नाहीत अशी म्हण तो देतो. आपल्याकडे मीठ आलं की ‘खाल्ल्या मिठाला जागणं’ आठवतं. पण आपलं मीठ धन्याचं असतं, खाणारा चाकर असतो. ॲरिस्टॉटलचं मीठ दोघांच्या मध्ये ठेवलेलं आहे. त्याची मैत्री बरोबरीच्यांची. अंतर फार वाढलं की ती टिकत नाही, आणि म्हणून देवाशी मैत्री होऊ शकत नाही, असं तो स्पष्ट म्हणतो. हे विधान पुढे दीड हजार वर्षं लोकांना छळणार आहे.

स्टोर्गे म्हणजे आईबापांची लेकरांवरची आणि लेकरांची आईबापांवरची माया. ग्रीक तत्त्वज्ञांनी तिच्यावर फार लिहिलं नाही. घरात आहे म्हणून गृहीत धरली. नव्या करारात हा शब्द एकटा येतच नाही. माणसं किती बिघडली हे सांगताना प्रेषित पौल त्यांना ‘मायाहीन’ म्हणतो, आणि भावंडांसारखा जिव्हाळा ठेवा हे सांगताना एका जोडशब्दात तो येतो.

आता आगापे. प्रवचनांतून आणि लग्नपत्रिकांतून असं ऐकू येतं की हा शब्द मुळातच पवित्र, निःस्वार्थ, दैवी. मीही तसंच मानत होते, जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे वळेपर्यंत. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून अलेक्झांड्रियातल्या ज्यूंनी आपली हिब्रू शास्त्रं ग्रीकमध्ये आणली. त्या भाषांतरात हिब्रूतल्या ‘आहावा’साठी बहुतेक ठिकाणी आगापेच वापरलंय : देवाच्या प्रेमासाठी, गीतरत्नातल्या प्रियकर-प्रेयसीच्या प्रेमासाठी, आणि दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, बळजबरी करतो त्यामागच्या वासनेसाठीसुद्धा. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातला तेरावा अध्याय वाचून मी ग्रीक कोश मिटून ठेवला होता. शब्द आपसूक पवित्र नसतो. तो कोणाच्या तोंडी, कोणत्या घरात, कोणापुढे वाढला जातो यावर सारं अवलंबून असतं.

आगापेला वजन आलं ते पंगतीत. इ. स. ५५ च्या आसपास पौलाने करिंथच्या मंडळीला जे पहिलं पत्र लिहिलं, त्याचा तेरावा अध्याय आज जगभर लग्नांत वाचतात. वाचावाच. पण त्याच्या दोन अध्याय आधी काय आहे हे कोणी वाचत नाही. करिंथमध्ये ख्रिस्ती लोक प्रभुभोजनाला जमत, तेव्हा ज्यांच्याकडे होतं ते आधीच जेवून घेत आणि पिऊन तर्र होत, ज्यांच्याकडे नव्हतं ते उपाशी बसत. पौल यावर संतापतो. प्रीती काय असते आणि काय नसते याच्या तेराव्या अध्यायातल्या ओळी त्या वाढलेल्या-न वाढलेल्या ताटांनाही लागू पडतात. आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या सहभोजनालाही ‘आगापे’ म्हणत, याचा उल्लेख यहूदाच्या छोट्या पत्रात आहे.

हे मराठी वाचकाला समजायला कोश लागत नाही. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते. गोपाळराव जोशी यांनी नावं छापून आणली आणि शहर पेटलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एक कप चहा. त्या पुण्यात माणसाने माणसावर प्रेम करावं याला कोणाचीच ना नव्हती, त्याच्या हातचं पिऊ नये एवढंच म्हणणं होतं. करिंथचा वाद आणि गुरुवार पेठेतला वाद वेगळा आहे हे मला माहीत आहे, एक श्रीमंती-गरिबीचा, दुसरा धर्म आणि जातीचा. तरी आगापेचा अर्थ शिकवताना मला पंचहौदाहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

पुढच्या शतकांचा प्रवास इथे झपाट्याने सांगते, सविस्तर आत आहे. नव्या करारात ‘एरोस’ हा शब्द एकदाही नाही. तिसऱ्या शतकात ओरिगेनने गीतरत्नावर भाष्य लिहिताना विचारलं, म्हणून काय झालं? दोन्ही शब्दांनी एकच गोष्ट सांगता येते. पुढे दिओनिसियस या नावाने लिहिणाऱ्या अनामिकाने देवालाच एरोस म्हटलं. ऑगस्टिनने ग्रीक यादी बाजूला ठेवून प्रश्न बदलला : तू प्रेम करतोस की नाही हा प्रश्नच नाही, प्रत्येक जण करतोच, तुझं प्रेम कशाकडे ओढतंय? त्याच्या मते प्रेम म्हणजे जिवाचं वजन, ते आपल्या जागेकडे जातं. जेरोमच्या लॅटिन बायबलात आगापेचं ‘कारितास’ झालं, तिथून १६११ च्या इंग्रजी बायबलात ‘चॅरिटी’, आणि मग हळूहळू त्या शब्दाचा अर्थ दानधर्मापुरता उरला. एका शब्दाची अशी झीज झाली की त्यातली पंगत जाते आणि भिक्षा उरते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ॲरिस्टॉटलचा मोठा शिष्य, आणि गुरूला तो देवाशी मैत्रीच्या प्रश्नावरच सोडतो. कारितास म्हणजे काय? देवाशी मैत्री. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू शिष्यांना सांगतो की आता मी तुम्हाला दास म्हणत नाही, मित्र म्हणतो. ते अक्वायनसने धरलं. अंतर एवढं असताना मैत्री कशी? वरचा खाली आला म्हणून.

आधुनिक काळातला मोठा वाद स्वीडनच्या आंदेर्स न्युग्रेन यांनी १९३० च्या दशकात पेटवला. एरोस खालून वर जातो, तो भुकेला आहे, स्वतःसाठी मागतो. आगापे वरून खाली येते, पात्रता न पाहता. दोन्हींत समेट नाही, आणि ऑगस्टिनने त्यांची भेसळ केली असा त्यांचा आरोप. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या नाताळची तारीख घातलेल्या आपल्या पहिल्याच परिपत्रकात उलट भूमिका घेतली : दोन्ही एकमेकांपासून तोडता येत नाहीत. न्युग्रेन वाचताना धार जाणवते, आणि त्यांच्यामुळे पुष्कळ धूसर बोलणं बंद झालं, हे मान्य. पण त्यांचं चुकलंच असं माझं मत आहे. जी प्रीती कधी काही मागत नाही, जिला समोरच्याची भूकच नाही, तिच्यासमोर बसणाऱ्याला आपण भिकारी आहोत असं वाटत राहतं. त्या किनाऱ्यावरचा येशू पेत्राला विचारतो आहे. विचारणाऱ्याला काहीतरी हवं असतं.

हा सगळा विषय मराठीत कधी आला? चारशे वर्षांपूर्वी. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरला आणि १६१६ मध्ये राचोलला त्याचं ‘क्रिस्तपुराण’ छापलं गेलं, दहा हजारांवर ओव्या, त्याही आपल्या संतांच्या छंदात. ओवी निवडली की ओवीतलं जगही येतं. ज्या भाषेतल्या पसायदानात ज्ञानदेव दुष्टांचा नाश न मागता त्यांचं वाकडेपण जावं एवढंच मागतात, आणि सगळ्या जीवांत ‘मैत्र’ व्हावं म्हणतात, त्या भाषेत शत्रूवरच्या प्रेमाची शिकवण परकी वाटण्याचं कारण नव्हतं. १८११ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांचा मराठी नवा करार छापला गेला, त्यामागे वैजनाथ पंडितांचे कष्ट आहेत. त्यांचं नाव मराठीत फार कमी घेतलं जातं.

आणि पंडिता रमाबाई. संस्कृतच्या पंडितेने उतारवयात केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल एकटीने मराठीत आणलं. सोप्या मराठीत हवं हा त्यांचा हट्ट होता, कारण वाचणार होत्या त्या मुक्ती मिशनमधल्या, दुष्काळातून वाचवून आणलेल्या, नुकतीच अक्षरओळख झालेल्या बायका. जड संस्कृत शब्दांबरोबर जुने अर्थही चिकटून येतील ही काळजीही होती. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, त्याआधी थोडेच दिवस काम पुरं झालं होतं. १९२४ मध्ये ते मिशनच्याच छापखान्यातून बाहेर आलं. मूळ भाषांतून संपूर्ण बायबल भाषांतरित करणारी दुसरी स्त्री जगात शोधायला गेलं तर फार कष्टाने सापडते, आणि ही आमच्या पुणे जिल्ह्यात, दौंडच्या अलीकडे राहत होती. अलीकडे वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने ही वाट पुढे नेली.

पण एरोस, फिलिया, स्टोर्गे, आगापे हे सगळं एकाच घरात एकाच वेळी कसं नांदतं हे पाहायचं तर मी वाचकाला लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’कडे पाठवेन. रेव्हरंड नारायण वामन टिळक १८९५ च्या फेब्रुवारीत ख्रिस्ती झाले. बायको मुलाला घेऊन मागे राहिली. पुढची काही वर्षं दोघं वेगळी, पत्रं चालू, जीव तुटलेला. लक्ष्मीबाई परत आल्या त्या नवऱ्याच्या ओढीने, त्याच्या धर्माच्या नव्हे. तो पुढे त्यांनी आपल्या बुद्धीने पारखून १९०० मध्ये घेतला. नवऱ्याने घरातलं उचलून कोणालाही देऊन टाकावं आणि चूल कशी पेटायची ते हिने पाहावं, असं त्यांचं घर. सगळ्या जगावर प्रीती करणाऱ्या माणसाच्या घरचं माणूस कसं जगतं हे न्युग्रेनला ठाऊक नव्हतं, लक्ष्मीबाईंना ठाऊक होतं. त्या रागावतात, हसतात, आणि शेवटी त्याच घरात परक्या पोरांना वाढतात. टिळकांचं अपुरं ‘ख्रिस्तायन’ त्यांनीच पुरं केलं. नारायणराव म्हणत की आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. लक्ष्मीबाई कोणत्या पुलावरून आल्या, या प्रश्नावर आम्ही शनिवारी खूप वेळ बोललो आहोत.

मराठीच्या बाजूने पाहिलं की ग्रीक नकाशा थोडा हलतो. आपला ‘स्नेह’ म्हणजे तेलही. आपण पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ लिहितो, जो शब्द इतरत्र षड्रिपूंत बसतो. ‘माया’ तर वेदान्तात भ्रम आहे आणि आजीच्या हातात खरी. आमच्यातल्या एकाची आई शिवणकाम करायची. त्याने सांगितलं, लेकराचा झगा शिवताना आई शिवणीत कापड जास्त ठेवायची, पोर वाढलं की उसवून मोठा करता यावा म्हणून. त्या जादा कापडाला शिंपी ‘माया’ म्हणतात. स्टोर्गेवर मी जे काही वाचलंय त्यात याहून नेमकं काही नाही.

देवाशी मैत्री होते का हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न वारकऱ्यांना पडलाच नाही. नामदेवाच्या हातचा नैवेद्य देव खातो, जनाबाईबरोबर दळायला बसतो, चोखोबाबरोबर ढोरं ओढतो, अशा कथा आपण लहानपणापासून ऐकल्या. विठ्ठल पुरुष, पण हाक ‘माउली’ अशी. नारदाच्या भक्तिसूत्रांत भक्तीला परमप्रेमच म्हटलंय आणि दास, सखा, वत्सल, कांता अशा तिच्या अकरा तऱ्हा सांगितल्या आहेत. कोणतीही एक खरी आणि बाकीच्या खोट्या असं नाही. पण इथे सावध राहायला हवं. देव चोख्याच्या घरी जेवला आणि गावाने चोख्याला देवळाच्या पायरीपाशी थांबवलं, हे दोन्ही खरं आहे. आपल्या भक्तीत पंगत देवाबरोबर पडली, माणसांबरोबर पडायची राहिली. पंचहौदाच्या चहाने तेच उघडं पाडलं. जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त येशूला बळीराजा म्हटलं त्यामागे हीच दुखरी नस होती.

आमच्या गटातले मूळ हिंजवडीचे गृहस्थ एकदा म्हणाले, हनुमान जयंतीला ग्रामदैवत म्हातोबाचं बगाड निघतं, गळकरी त्यावर चढतो, हजारो लोक रस्त्यावर येतात. याला तुमच्या चारांतला शब्द कोणता? आम्ही तीन शनिवार घालवले. एकही शब्द पुरा बसला नाही, आणि न बसण्यातून आम्ही जास्त शिकलो. या पुस्तकातला त्यावरचा लेख त्यांनीच लिहिला आहे.

हे सारं आत्ता कशासाठी? मी राहते त्या इमारतीत शंभरावर बिऱ्हाडं आहेत. आईवडील नांदेडला, जळगावला, सांगलीला. मुलं इथे किंवा अमेरिकेत. ज्यांना आपण मित्र म्हणतो ते बहुतेक ऑफिसातले, प्रोजेक्ट संपला की हळूहळू फोन थांबतात. ॲरिस्टॉटल अशा मैत्रीला वाईट म्हणत नाही, उपयोग संपला की ती संपते एवढंच सांगतो, आणि ते वाचून आमच्यातल्या एकाला स्वतःवरचा राग कमी करता आला. शेजारच्या फ्लॅटमध्ये एक आजी आहेत, त्यांना कोणी ओळखू येत नाही. दिवसभर त्यांच्याजवळ बसायला एक मावशी येतात, पगारावर. संध्याकाळी सातला त्यांची वेळ संपते. सात वाजून गेल्यावर त्या पर्स खांद्याला लावतात, पुन्हा खाली ठेवतात आणि आजींची वेणी घालतात. त्या पंधरा मिनिटांना काय म्हणायचं? पगार नाही, नातं नाही, ओढही नाही म्हणता येत नाही. मला वाटतं त्या वेणीत मायाही आहे आणि प्रीतीही, आणि दोन्ही शब्द जवळ असतील तरच ते दिसतं. एकच शब्द असलेल्या माणसाला तिथे फक्त ‘सर्व्हिस’ दिसेल.

या पुस्तकाचा आवाका याहून मोठा नाही. हा ग्रीक तत्त्वज्ञानाचा इतिहास नाही, आणि ख्रिस्ती धर्मशास्त्राची शिकवणी तर नाहीच. आमच्यात श्रद्धाळू आहेत, नास्तिक आहेत, रोज हरिपाठ म्हणणारेही आहेत. ग्रीक उतारे कोशाच्या मदतीने मुळातून वाचून, मराठी आणि इंग्रजी भाषांतरांशी ताडून घेतले आहेत. प्रत्येक शब्दाला एकच मराठी प्रतिशब्द ठरवून टाकायचा मोह आम्ही टाळला. काही ठिकाणी ग्रीक शब्द तसाच ठेवला, काही ठिकाणी दोन लेखकांनी एकाच शब्दाला वेगळे मराठी शब्द दिले, तेही तसेच राहू दिले. रोमन तत्त्वज्ञ, इस्लामी परंपरेतला इश्क, बौद्धांची मैत्री-करुणा यांना इथे जागा देता आली नाही. विशेषतः बाबासाहेबांनी मैत्रीचा जो अर्थ सांगितला तो या चर्चेत यायलाच हवा होता. त्यासाठी वेगळं पुस्तक लागेल, आणि त्यासाठीचं वाचन सुरू झालं आहे.

वाचकाला दोन विनंत्या. तुमच्या घरात, गावात, बोलीत प्रेमासाठी असा एखादा शब्द असेल जो कोशात सापडत नाही, तर तो कुठे आणि कोण बोलतं यासह आम्हाला लिहून कळवा. पुढच्या आवृत्तीत तो घेऊ. आणि पहिला लेख उघडण्यापूर्वी योहानाचा एकविसावा अध्याय मराठीतून एकदा मोठ्याने वाचा, शक्य असेल तर कोणाला तरी समोर बसवून.

हिंजवडी, पुणे